एकट्याच्या गळ्यातली उपासना

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सावित्री नदी समुद्राला मिळते तिथे बाणकोट आहे. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पाद्री मुंबई इलाख्यात आले तेव्हा त्यांनी पहिलं ठाणं मांडलं ते इथे. सहा वर्षांनी, १८२९ मध्ये, जॉन विल्सन आणि त्यांची पत्नी मार्गारेट मराठी शिकण्यासाठी येऊन राहिले ते जवळच्या हर्णैला. गिरगाव चौपाटीवर ज्यांच्या नावाचं कॉलेज उभं आहे, तेच हे विल्सन. आणि हर्णै ज्या दापोली तालुक्यात येतं, त्याच तालुक्यातल्या करजगावात ६ डिसेंबर १८६१ रोजी एका चित्पावन घरात कवी नारायण वामन टिळकांचा जन्म झाला.

ते पाद्री आणि हा मुलगा यांची गाठ कधी पडली नाही. टिळक जन्मले तोवर मिशनचं काम कोकणातून उठून पुण्या-मुंबईकडे गेलेलं होतं. पण नकाशावर ही तीन गावं पाहिली की मला दर वेळी नवल वाटतं. मराठी माणसाने ख्रिस्ताशी बोलायचं तर कुठल्या सुरात बोलायचं, हा प्रश्न या किनाऱ्यावर उतरला आणि त्याचं सर्वांत सुंदर उत्तर देणारा माणूसही याच किनाऱ्याने दिला.

प्रश्न सुराचाच होता, कारण ख्रिस्ती उपासना पहिल्यापासून गाणारी आहे. अखेरच्या भोजनानंतर येशू आणि त्याचे शिष्य जैतुनांच्या डोंगराकडे निघाले ते गीत गाऊन, असं मार्कच्या शुभवर्तमानात सांगितलं आहे. पौल आणि सीला यांना फटके मारून, पाय खोड्यात अडकवून फिलिप्पैच्या तुरुंगात टाकलं, तेव्हा मध्यरात्री ते दोघे गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते, हे प्रेषितांच्या कृत्यांत येतं. तिथे मंदिर नव्हतं, वाद्य नव्हतं, पुस्तक नव्हतं आणि पुस्तक असतं तरी अंधारात वाचता आलं नसतं. होते ते दोन गळे आणि पाठ असलेले शब्द. ख्रिस्ती माणसाच्या वैयक्तिक उपासनेला याहून जास्त सामान कधीच लागलेलं नाही.

आता बाणकोटला उतरलेल्या त्या स्कॉटिश लोकांकडे पुन्हा पाहू. ते वाढले होते १६५० सालच्या स्कॉटिश स्तोत्रसंहितेवर. बायबलातली दीडशे स्तोत्रं इंग्रजी छंदात बसवलेलं हे पुस्तक. त्यांच्या चर्चमध्ये ऑर्गन नसे. वाद्य चालतच नसे. एक जण पुढे उभा राहून ओळ सांगायचा आणि सगळी मंडळी ती ओळ उचलून गायची. कोकणातल्या कुठल्याही गावात एकादशीच्या रात्री काय होतं? बुवा एक चरण टाकतो आणि मागची मंडळी झील धरतात. एडिंबरोजवळच्या खेड्यातली आणि दापोलीजवळच्या खेड्यातली रीत इतकी सारखी! ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याही तोंडी देवाचे शब्द यावेत, यासाठी दोन्हीकडच्या माणसांनी एकच युक्ती शोधून काढली होती. ओळ द्यायची, ओळ घ्यायची.

रीत जुळत होती. छंद जुळत नव्हता. हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे.

इंग्रजी स्तोत्रांचा सर्वांत रुळलेला छंद म्हणजे आठ, सहा, आठ, सहा अक्षरांच्या ओळी. पण तिथे नुसती अक्षरं मोजून भागत नाही. एक अक्षर हलकं, पुढचं जोराचं, अशी चाल पावलागणिक ठरलेली असते, आणि सुरावट त्या जोरावर उभी असते. इंग्रजी शब्दात जोर कुठे पडणार हे पक्कं असतं. मराठीत तसा जोर नाही. आपल्याकडे महत्त्व ऱ्हस्व-दीर्घाला. त्यामुळे परदेशी चालीवर मराठी शब्द बसवले की ठोका भलत्याच ठिकाणी पडतो. देवाचं नाव हलक्या अक्षरात निसटून जातं आणि ‘ला’, ‘ने’, ‘चा’ अशा प्रत्ययांवर सगळ्या मंडळीचा जोर येतो. शिवाय लांब सुरावर ऱ्हस्व अक्षर आलं तर ते ताणावं लागतं, आणि ताणलं की शब्दच बदलतो. ‘दिन’ लांबला की ‘दीन’ होतो. देवाचा ‘सुत’ लांबला की त्याचं ‘सूत’ होतं. गाणाऱ्याचा भाव कितीही खरा असला तरी कानाला खटकतं ते खटकतंच.

म्हणून काही मी त्या सगळ्या भाषांतरित गीतांना नावं ठेवणार नाही. त्यांतली कित्येक आज शंभर-दीडशे वर्षं गायली जात आहेत. चार आवाजांत विभागून, उभं राहून, पूर्ण मंडळी एका दमात गाते तेव्हा अंगावर काटा येतो. पण ती गीतं समूहाची आहेत. रात्री दिवा मालवल्यावर, अंथरुणात पडल्या पडल्या, कुणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात जे ओठांवर येतं, ते दुसऱ्या घाटाचं असावं लागतं. मराठीत तो घाट सातशे वर्षांपूर्वीच घडलेला होता.

अभंगाची रचना वरवर पाहता फार साधी आहे. मोठ्या अभंगात चार चरण: पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. छंदशास्त्रात याला देवद्वार छंद म्हणतात. हरिपाठ याच मापाचा. आपण रोज बोलतो ती वाक्यंसुद्धा नकळत या मापात पडतात. ‘आज माझ्या दारी’ म्हणा आणि बोटांवर मोजा: सहा. ‘ये रे घरी’: चार. मराठीत माणूस आईला हाक मारतो, पाहुण्याला बोलावतो, रुसतो, काकुळतीला येतो, ते साधारण एवढ्याच लांबीच्या तुकड्यांत. अभंग लिहिणाऱ्याला बोलण्याच्या भाषेतून बाहेर पडावंच लागत नाही.

या मापात अक्षर लघु आहे की गुरू याचा हिशेब नसतो. सहा म्हणजे सहा. कुठलं लांबवायचं, कुठलं आखडायचं हे गाणाऱ्याने शब्दाकडे पाहून ठरवायचं. म्हणजे सूर शब्दापुढे वाकतो. वरची ‘सुत’ आणि ‘सूत’ ही अडचण इथे उभीच राहत नाही. आणि तो शेवटचा चार अक्षरांचा चरण पाहा. भजनी ठेका आठ मात्रांचा. साध्या चालीत सहा अक्षरं म्हणून झाल्यावर दोन मात्रा हाती उरतात. चौथ्या चरणात चार उरतात. म्हणजे अर्धा ठेका मोकळा. तिथे टाळ वाजतो, छातीत हवा भरून घेता येते, आणि आत्ताच काय म्हटलं ते मनात उतरायला जागा मिळते. सहा, सहा, सहा अशी विनवणी चढत जाते आणि चारवर येऊन टेकते. ज्याने हे पहिल्यांदा बसवलं, त्याला माणसाच्या छातीचं माप ठाऊक होतं असंच म्हणावं लागतं.

छातीचं माप हा शब्द मी हौसेने वापरलेला नाही. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लुचिआनो बर्नार्डी या इटालियन डॉक्टरांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला. तेवीस निरोगी माणसांना त्यांनी कॅथलिक जपमाळेतली मरियेची प्रार्थना लॅटिनमध्ये म्हणायला लावली, आणि वेगळा ‘ओम मणि पद्मे’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळी श्वास मिनिटाला साधारण सहांवर आला. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो. सहाच्या गतीला रक्तदाबात आपोआप उठणाऱ्या संथ लाटा आणि श्वासाच्या लाटा एकमेकींवर बसतात, हृदयाचे ठोके त्यांच्याबरोबर चढतात-उतरतात, आणि रक्तदाब सावरणारी शरीरातली यंत्रणा अधिक तत्पर होते. लॅटिन प्रार्थना आणि हा मंत्र दोन वेगळ्या परंपरांतले, तरी दोन्ही एकाच गतीवर येऊन थांबले. अभंगाचं एक कडवं संथ लयीत, एका श्वासात म्हणून पाहा आणि घड्याळावर नजर ठेवा. वाचणाऱ्याने हे स्वतः करून बघावं, मी आकडा सांगत नाही.

पुढे २०१३ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठात ब्योर्न विकहॉफ यांनी तरुण मुलांचा एक गट घेतला आणि त्यांना तीन गोष्टी करायला सांगितल्या: नुसतं गुणगुणणं, एक परिचित उपासनागीत गाणं, आणि संथ मंत्र म्हणणं. गीताची रचना जितकी नेमकी, तितके गाणाऱ्यांचे हृदयाचे ठोके एकत्र चढू-उतरू लागले. कारण उघड आहे. गाणं म्हणजे ठरलेल्या जागी श्वास घेणं आणि ठरलेल्या जागेपर्यंत तो पुरवणं. रचनाकार जिथे विराम ठेवतो तिथे शंभर वर्षांनंतरचा गाणारा श्वास घेतो. टिळकांचा अभंग आज कुणी गातं, तेव्हा त्याचा श्वास टिळकांनी आखलेल्या जागी वळतो. मला या गोष्टीचं किती आश्चर्य वाटतं, सांगता येत नाही. माणूस १९१९ मध्ये गेला आणि त्याची श्वासाची आखणी मागे राहिली.

त्या माणसाकडे आता यायला हवं.

करजगावातून निघालेल्या नारायणाचं लहानपण कल्याणकडे गेलं. आई लवकर वारली, आणि मुलगा घर सोडून नाशिकला आला. तिथे गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकला. पुढे लक्ष्मीबाईंशी लग्न, नोकऱ्या धरणं-सोडणं, कीर्तनं, कविता, नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचं काम, ‘ऋषी’ नावाचं मासिक. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. डोंगरावरचं प्रवचन वाचताना ते हलून गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढचा आकांत लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवला आहे, आणि मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाने तो वाचायला हवा. नवरा ख्रिस्ती झाला, बायको सोवळं-ओवळं पाळत नातलगांकडे राहिली, आणि तीही काही काळ पंढरपुरात. एका बाजूला अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये येशूची गीतं लिहिणारा नवरा, दुसऱ्या बाजूला विठोबाच्या गावात बसलेली बायको. १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला, पण कुणी समजावलं म्हणून नव्हे. जातिभेद हा देवाने केलेला नाही, हे त्यांचं त्यांना पटत गेलं म्हणून.

टिळकांना मिशनमध्ये जे मिळालं त्यात भाषांतरित गीतं होती आणि देशी प्रयत्नही होते. नगरच्या भागात कृष्णराव सांगळ्यांसारख्या मराठी ख्रिस्ती माणसांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं. येशूची कथा, पूर्वरंग-उत्तररंग, टाळ-मृदंग. टिळकांनी हा प्रवाह रुंद केला. आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो ते तुकारामाच्या पुलावरून, असं ते मोकळेपणाने सांगत. हे सांगायला त्या काळी धैर्य लागत होतं. जुनं टाकल्याशिवाय नवं खरं नाही, असं मानणारे मिशनमध्ये होते. बाटला तो आपल्यातून गेला, असं मानणारे बाहेर होते. टिळकांनी दोघांचंही ऐकलं नाही. त्यांनी अभंग हाती घेतला आणि त्यात येशूला बसवलं. ख्रिस्ताला आई म्हटलं, गुरू म्हटलं, माउली म्हटलं. त्याच्यावर रुसले, त्याला विरहात हाका मारल्या. ‘अभंगांजली’त हे सगळं आहे. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या गीतपुस्तकात त्यांच्या रचना सुमारे अडीचशे भरतात. एका माणसाचा इतका मोठा वाटा असलेलं गीतपुस्तक मला दुसरं माहीत नाही.

या रचनांत एक गोष्ट ठळक दिसते: त्यांत ‘मी’ ‘तू’शी बोलतो. ख्रिस्ती उपासनेत हा ‘मी’ सहज आलेला नाही. इंग्लंडमध्ये कित्येक पिढ्या चर्चमध्ये बायबलातली स्तोत्रं तेवढी गायची असा दंडक होता. आयझॅक वॉट्सने १७०७ मध्ये स्वतःच्या शब्दांतल्या गीतांचं पुस्तक काढलं, तेव्हा माणसाने स्वतःचा अनुभव स्वतःच्या तोंडाने गावा की नाही, यावर लोक भांडले. मराठीत ते भांडण करावंच लागलं नाही. नामदेव, जनाबाई, चोखोबा, तुकाराम यांनी देवाशी एकट्याने बोलण्याची वाट इतकी मळवून ठेवली होती की टिळकांना त्या वाटेवर चालायचं होतं फक्त. दळताना, कांडताना, नांगर धरताना देवाशी बोलता येतं, त्यासाठी मुहूर्त लागत नाही, हे मराठी कानाला शिकवावं लागत नाही. म्हणून मला वाटतं, टिळकांचे अभंग ही मराठी ख्रिस्ती माणसाला मिळालेली नुसती गीतं नव्हेत. रविवारखेरीजचे सहा दिवस त्याला त्यांतून मिळाले.

स्वतः टिळकही शेवटी रविवारच्या चौकटीत मावले नाहीत. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचं निधन झालं.

मराठी घाटात ख्रिस्त गाणारे टिळक पहिले होते का? नाही, आणि ही हकिकत मला सर्वांत थक्क करणारी वाटते. करजगावपासून खाली, किनाऱ्या-किनाऱ्याने गोव्यात उतरलं की साष्टीत राशोल लागतं. तिथे १६१६ साली, शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आधी, थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइट पाद्र्याचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, मराठीत, लिपी मात्र रोमन. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं बंद झाली होती, आणि त्यांच्या जागी आम्हाला काय, असं विचारणारा एक ब्राह्मण त्याच ग्रंथात येतो. स्टीफन्सनी त्याला प्रवचन दिलं नाही, पुराण दिलं. ते गाऊन वाचण्यासाठी होतं, आणि गायलंही गेलं: गोव्यातल्या चर्चमध्ये, आणि पुढे मंगळूरकडे गेलेल्या कॅथलिकांच्या घरांत, कित्येक पिढ्या. टिळकांनी तुकारामाचा पूल वापरला, स्टीफन्सनी ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी वापरली. एक इंग्लंडातून आला, एक करजगावातून निघाला. मध्ये जवळजवळ तीनशे वर्षं. दोघांनाही कळलं की मराठी माणसाच्या मनात शिरायचा रस्ता त्याच्या कानातून जातो, आणि त्या रस्त्यावर कुठले सूर आधीच राहतात.

टिळकांनाही असाच मोठा ग्रंथ करायचा होता, ‘ख्रिस्तायन’. ते गेले तेव्हा पहिले दहाएक अध्याय झाले होते. बाकीचा डोंगर लक्ष्मीबाईंनी उचलला. शाळेत न गेलेली, नवऱ्याकडून अक्षरओळख झालेली ही बाई साठाहून जास्त अध्याय लिहीत राहिली. शेवट मुलाने, देवदत्त टिळकांनी केला. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या. ‘स्मृतिचित्रे’साठी आपण त्यांना डोक्यावर घेतो ते योग्यच आहे, पण ‘ख्रिस्तायन’कडे मराठी समीक्षेने पाठ फिरवली, हे मला अन्यायाचं वाटतं. धार्मिक म्हणून बाजूला ठेवायचं तर मग हरिविजय आणि पांडवप्रतापही ठेवावे लागतील.

गाण्याविषयीची एक जुनी भीतीही इथे सांगायला हवी. चौथ्या-पाचव्या शतकातला संत ऑगस्टीन आपल्या आत्मकथनाच्या दहाव्या खंडात कबूल करतो की, गीतातल्या शब्दांपेक्षा सुरानेच मन जास्त हललं तर आपण चुकलो असं त्याला वाटतं. आणि लगेच त्याला आठवतं की विश्वासाकडे परतण्याच्या दिवसांत मिलानच्या मंडळीचं गाणं ऐकून आपण रडलो होतो. तो शेवटी गाण्याच्याच बाजूने कौल देतो, पण धाकधूक ठेवून. ही धाकधूक प्रामाणिक आहे. सूर माणसाला वाहून नेतो आणि शब्द मागे राहतात, हे कुठल्याही भजनात घडतं. अभंगाने यावर जो उपाय केला आहे तो मला फार शहाणपणाचा वाटतो: चाल साधी, दोन-तीन वळणांची, आणि चरण पुन्हा पुन्हा. सुराचं नवल पहिल्या दोन आवर्तनांत संपतं. नंतर उरतो तो शब्द. पाचव्यांदा म्हणताना तो पहिल्यासारखा राहत नाही.

रत्नागिरीत काय, नगरला काय, किंवा कोल्हापुरात काय, मराठी ख्रिस्ती घरातली संध्याकाळची प्रार्थना पाहिली तर हे सगळं एका खोलीत दिसतं. जेवणाआधी किंवा नंतर माणसं बसतात. पेटी असेल तर पेटी, नसेल तर टाळ, तेही नसेल तर मांडीवर थाप. कुणीतरी ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडतं, गीताचा क्रमांक सांगितला जातो. पवित्र शास्त्रातला एक उतारा वाचतात, मग प्रार्थना. मुलं पुस्तकात पाहून गातात, आणि घरातली सर्वांत वयस्कर बाई पुस्तक मिटून गाते. तिला क्रमांक लागत नाही, चष्मा लागत नाही. पहिल्या कडव्यानंतर मुलं अडखळतात तिथे ती पुढे असते. तिने ते गीत वाचून पाठ केलेलं नसतं. आईच्या मांडीवर ऐकून ते तिच्यात शिरलेलं असतं.

अशी आजी पुढे आजारी पडते. पक्षाघाताने मेंदूचा डावा भाग दुखावला तर वाचा जाऊ शकते. नाव विचारलं तर सांगता येत नाही, पाणी हवं तर मागता येत नाही. पण शेजारी कुणी तिचं गीत धरलं तर कधी कधी ती शब्दांसकट गाऊ लागते. हा चमत्कार डॉक्टरांनाही जुना माहीत आहे, आणि १९७३ मध्ये अमेरिकेत त्यावरूनच एक उपचारपद्धती मांडली गेली: रुग्णाला वाक्यं सुरात म्हणायला शिकवायची आणि सुराच्या आधाराने बोलणं परत आणायचं. बोलण्याचं केंद्र बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतं; गाण्याचं काम दोन्ही बाजूंनी वाटून घेतलेलं असतं. एक दार बंद झालं तरी दुसऱ्या दाराने शब्द बाहेर येतात. विस्मरणाच्या आजारातही लहानपणी ऐकलेली गाणी फार उशिरापर्यंत टिकतात. लेकरांची नावं विसरलेली माणसंही कित्येकदा अभंग विसरत नाहीत. म्हणजे ज्या वयात माणसाला स्वतःहून प्रार्थना करायला शब्द सुचणार नाहीत, त्या वयासाठीची प्रार्थना त्याच्या आईने त्याच्यात सत्तर वर्षं आधी ठेवून दिलेली असते.

मात्र या साठ्यात एक कच्चा दुवा आहे. गीतपुस्तकात शब्द छापलेले असतात. वर फार तर अमुक गीताच्या चालीवर अशी नोंद, किंवा एखाद्या रागाचं नाव. चाल स्वतः कागदावर सहसा नसते. ती तोंडातून कानात जाते. ज्या गाण्याच्या चालीवर म्हणून नोंद केली ते मूळ गाणं विसरलं गेलं की नोंद मुकी होते. टिळकांचा एकच अभंग नगरला एका वळणाने जातो आणि दुसऱ्या गावात दुसऱ्या वळणाने, दोन्ही खरी. पण आता तरुण मंडळी गिटार आणि कीबोर्डवर नवी गीतं गातात, आणि त्यात काही वाईट नाही, टिळकांनीही त्यांच्या काळात नवंच केलं होतं. फक्त जुन्या चाली ज्यांच्या गळ्यात आहेत ती पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. शब्द पुस्तकात सुरक्षित आहेत, सूर नाहीत.

तेव्हा तुमच्या घरात, शेजारात, मंडळीत अशी कुणी आजी किंवा आजोबा असतील तर त्यांच्यापुढे मोबाइल ठेवा आणि गायला सांगा. आवाज फुटला तरी चालेल, दम लागला तरी चालेल. आधी गावाचं नाव आणि ही चाल कुणाकडून शिकली ते विचारून घ्या, मग गाणं पूर्ण होऊ द्या, मध्ये थांबवू नका. आणि ख्रिस्ती नसाल तरी हे करा. चाल देवळातली असो की चर्चमधली, ती मराठी आहे.